हिरोसे नदीच्या पायऱ्या

सेन्दाई, ४ ऑक्टोबर १९८६

ती. दादास,
मिचियोचा सा. न. वि. वि.

आईचा खोकला थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला.

पुढच्या रविवारी नदीकाठी विद्यापीठातल्या आमच्या भूगोल विभागाची अळकुड्यांच्या रश्श्याची सहल आहे. विभागात मुलगी मी एकटी, म्हणून हंडा माझ्या गळ्यात. आपल्या यामागाताच्या पद्धतीने करू का, असं विचारलं, तर वरच्या वर्षाचे कुजीसान सगळ्यांदेखत म्हणाले की तुमचा रस्सा म्हणजे गोमांसाच्या गोड कालवणात चुकून पडलेल्या अळकुड्या! हे लोक डुकराचं मांस घालून वर सोयाबीनच्या खारट वाटणाचा मिसो कालवतात आणि हसतात आपल्याला! शेवटी ओनोदेरासर म्हणाले, जिच्या हाती पळी तिची पद्धत. तेव्हा आपल्या शेतातल्या अळकुड्या पाठव.

उन्हाळाभर मी या शहराच्या पायऱ्या चढत-उतरत होते. हिरोसे नदीने खोदलेल्या पायऱ्यांवरच सगळं शहर बसलंय. तळाला मळे आणि पोरांचं बेसबॉल, मधल्या पायरीवर बाजार आणि झाडांच्या सावलीतले रस्ते, वर जुना किल्ला. त्यांचा नकाशा मी काढला आहे. सरांना पसंत पडला तर पुढची दोन वर्षं इथेच शिकता येईल. बाबांना सांगू नकोस. मार्चमध्ये शिक्षण संपलं की परत येईन असं कबूल केलंय, ते मनाला टोचतं.

डोंगरापलीकडे असले तरी लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी मिचियो

सागाए, ७ ऑक्टोबर

चि. मिचियोस,
अनेक आशीर्वाद.

अळकुड्या सकाळच्या बसने पाठवल्या आहेत. सोलताना हाताला मीठ चोळ, नाहीतर सरांसमोर माकडासारखी खाजवत बसशील.

तुझं पत्र बाबांनीच टपालाच्या पेटीतून काढलं आणि माझ्याआधी वाचलं. दोन वर्षांच्या गोष्टीवर चकार शब्द नाही. मिसोचं वाचून मात्र वाटी आपटली. म्हणाले, डोंगराच्या त्या अंगाला माणसं राहतच नाहीत, पोर मार्चला घरी आली पाहिजे. आई म्हणाली, तिकडे लग्नाला गेला होतात तेव्हा तोच रस्सा मागून मागून प्यायलात. त्यावर ते उठून शेतात गेले.

बाकी सगळं आईने शिकवलं, काळजी करणं तेवढं तुला आपोआप आलं. ती कमी कर. इकडची माया आहे तशी आहे.
इवाओ

सेन्दाई, १३ ऑक्टोबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

काल रस्सा होत आला होता. मी दुकानातून आणखी वाट्या आणायला गेले, परत येते तो हंड्यात मिसो! कुजीसान पळीने ढवळत म्हणाले, आता कुठे माणसांनी खाण्याजोगा झाला. गंमत केली म्हणे.

दादा, रश्श्यासाठी मी रडले नसते. पण शुक्रवारी विभागाच्या भिंतीवर माझा नकाशा लागला आणि त्यावर नाव कुजीसानचं. एकट्याचं! विचारलं तर म्हणाले, इथली रीतच आहे, वरच्याचं नाव लागतं, आणि तू तर मार्चमध्ये घरी जाणार. मी काय केलं असेल? वाकून आभार मानले.

नदीकाठी मात्र तोंडातून निघून गेलं. सरांदेखत मी कुजीसानना म्हणाले, जो हंडा तुम्ही चढवला नाही त्यात पळी घालता, ज्या पायऱ्या चढला नाहीत त्यांवर नाव लिहिता, तुमचं स्वतःचं काही आहे की नाही? सर वाटीत बघत राहिले. या शहरात नाराजीसुद्धा हसून सांगतात, आणि मी ओरडले. मोठ्यांना उलट बोलू नये हे आईनेच शिकवलं ना? आता कुठल्या तोंडाने विभागात जाऊ? सामान बांधायला घेतलंय. बाबांना सांग, त्यांच्या मनासारखं झालं.

मला रागावू नका एवढंच मागणं.
मिचियो

सागाए, १५ ऑक्टोबर

चि. मिचियोस,
आशीर्वाद.

घरातली पत्रं इवाओ लिहितो. आज आई म्हणाली, तुम्हीच लिहा.

मिसो हा गाढवपणा. तो सोडून दे. नकाशा ही चोरी. शेजाऱ्याने बांध सरकवला तर मी घरी येऊन झोपत नाही, त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. तू निघून आलीस तर त्या पोराचं नाव भिंतीवर कायमचं राहील. तेव्हा घरी येऊ नकोस. मार्चलाही नको. सरांकडे जा. एकदा वाक, मग सरळ उभी राहून सांग की नकाशा माझा आहे. उलट न बोलणं चांगल्या माणसांसाठी शिकवलं होतं, चोरांसाठी नाही, असं आई शेजारून सांगते आहे.

तब्येतीला जप.
तुझे बाबा

सेन्दाई, २१ ऑक्टोबर

ती. स्व. बाबांस,
सा. न. वि. वि.

सरांकडे गेले. ते म्हणाले, नदीकाठी ऐकलं तेव्हाच कळलं होतं, तू येण्याची वाट बघत होतो. याचाच मला जास्त राग आला. कळलं होतं तर नकाशा आठवडाभर भिंतीवर का? बाबा, तेही मी बोलले. मग सरांनी स्वतः जाऊन टाचण्या काढल्या, नकाशा माझ्या हातात दिला आणि नाव बदलून आण म्हणाले. पुढच्या दोन वर्षांच्या प्रवेशपरीक्षेलाही बसायला सांगितलं आहे. बसणार आहे.

कुजीसानचं नाव मी खोडलं, पण कागदावर ते पुसट दिसतंच. ते मला चालणार नाही. म्हणून अख्खा नकाशा पहिल्यापासून नव्या कागदावर काढते आहे.

आईला नमस्कार, दादाला चिमटा, आणि माझ्यावर माया आहे तशीच राहू द्या.
आपली मिचियो