उंबऱ्याचं तेवढं करून घ्या

बेलवली, बदलापूर

किर्तीच्या बाबांना अंजनीचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि माझं ओरडणं सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं, म्हणून लिहितेय.

माझं खुब्याचं हाड जुळलंय. लेकीकडे फार राहू नये म्हणतात, पण किर्ती ऐकेल तर ना! जावयांनी बाथरूमच्या भिंतीला स्टीलची दांडी बसवलीय. आधी मी तिच्यावर साडी वाळत घातली. किर्ती म्हणाली, "आई, ती धरायला आहे गं!" आता धरते. कुणाला हाक मारावी लागत नाही, याचं फार बरं वाटतं.

तुम्ही वेळेवर जेवता ना?

आपल्या शेजारच्या ठमाबाई फोनवर बोलून गेल्या, तुम्हीही आपल्या उंबऱ्याला अडखळून पडलात. मला म्हणालात, शेळीनं ढकललं. शेळी तर आपण कधीच विकली.

उंबरा काढला तर लक्ष्मी जाईल म्हणता. त्याला हळदकुंकू वाहतानाच मी पडले ना? लक्ष्मी राहील हो, पण घरात माणूस कोण राहील? सोमवारी किर्तीनं मला अंबरनाथच्या शिवमंदिरात नेलं होतं. गाभारा खाली आहे, म्हणून मी वरूनच हात जोडले. देव काही रागावला नाही.

गवंड्याला बोलवा. उंबरा काढून उतार करा, बाजूला दांडी बसवा.

नवरी होऊन आले तेव्हा माप लवंडून तो उंबरा ओलांडला होता. आता काठी टेकत येईन. दांडीला हळदकुंकू मी येऊन लावते. तोवर तुम्ही ती धरून चाला.

वाट बघणारी,
अंजनी