किटलीशेजारी लागलेल्या शोधातून माझे नाव वगळण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
रसायन संशोधन संस्था.

विषय : विभागप्रमुखांच्या नव्या शोधनिबंधातून माझे नाव वगळणे व ओव्हनचे कुलूप उघडून मिळणे.

संदर्भ : विभागप्रमुखांचे परिपत्रक, 'नमुना कोरडा न करण्याविषयी'.

महोदय,

१. मी आपल्या संस्थेत पीएच.डी.ची विद्यार्थिनी असून व्हॅनेडियम आणि लोह या दोन धातूंचे मिश्र फॉस्फेट तयार करते. ही पिवळी पूड आतून पत्त्यांच्या कॅटासारखी थराथरांची असते. हवेतले पाणी शिरले की थर एकमेकांपासून लांब सरकतात; तापवले की पाणी जाते आणि ते पुन्हा जवळ येतात. हे अंतर क्ष-किरण यंत्रावर मोजता येते. म्हणून पूड डेसिकेटरमध्ये, म्हणजे तळाशी ओल शोषणारे खडे असलेल्या घट्ट झाकणाच्या काचपात्रात, ठेवायची असते. विभागप्रमुखांना हे माहीत नाही असे मी म्हणत नाही. त्यांनीच मला शिकवले.

२. क्ष-किरण यंत्र त्यांचे धाकटे साडू चालवतात. माणूस दिलदार, यंत्राच्या खोलीत चहाची किटली त्यांनीच आणली. डेसिकेटरमध्ये बिस्किटे कुरकुरीत राहतात हा त्यांचा एकमेव स्वतंत्र शोध असून तो निर्विवाद आहे. बिस्किटांना जागा कमी पडली, तेव्हा मोजणीसाठी दिलेली माझी कुपी त्यांनी, झाकण न लावता, किटलीशेजारी ठेवून दिली.

३. पुढच्या मोजणीत थरांमधले अंतर वाढलेले दिसले. विभागप्रमुखांनी आलेख पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला आणि हा नवाच पदार्थ असल्याचे जाहीर केले. साडूंनी बिस्किटे वाटली. मी पूड तापवून पुन्हा मोजली. नवा पदार्थ गायब, माझा जुना गरीब पदार्थ हजर. आलेख घेऊन विभागप्रमुखांकडे गेले, तर म्हणाले, "अगं, शोध असा भाजायचा नसतो."

४. त्यानंतर ओव्हनला कुलूप लागले, कारण वीजबचत. मग परिपत्रक निघाले की नमुना 'मूळ परिस्थितीतच' ठेवावा. मूळ परिस्थिती म्हणजे किटली. तिला आता उपकरण क्रमांक मिळाला असून ती दिवसभर उकळते, तिथे वीजबचत आड येत नाही. मध्यंतरी ती बिघडली, तेव्हा थर जवळ येतील या धास्तीने विभागप्रमुख स्वतः शेगडी शोधत हिंडले. निबंधात या व्यवस्थेला 'नियंत्रित आर्द्र वातावरण' म्हटले आहे. नियंत्रण कोणाचे, तर ज्याला चहाची तल्लफ येईल त्याचे.

५. निबंधावर पहिले नाव माझे आहे. हा मान नसून ढाल आहे, हे कळण्याइतकी मी येथे जुनी झाले आहे. बाहेर कोणी ही पूड तापवली की हसे माझे होईल आणि विभागप्रमुख 'पोरीने घोळ घातला' म्हणून मोकळे होतील. नाव काढा म्हटले, तर नव्या पदार्थाविना प्रबंधावर सही मिळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. थोडक्यात, खोटे लिहिले तर पदवी, खरे लिहिले तर घरचा रस्ता. आई आधी फोनवर म्हणाली की नाव पहिले आहे तर रडतेस कशाला. तिला किटलीचे सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "मग काढ नाव. तुझी खोली आहे तशीच आहे."

६. सबब विनंती की, माझे नाव वगळावे. माझा प्रबंध, आहे तसा, बाहेरच्या परीक्षकाकडे पाठवावा. आणि निबंध छपाईला जाण्यापूर्वी ओव्हनचे कुलूप उघडून किटलीशेजारचा नमुना आपल्यासमक्ष तासभर तापवावा. पदार्थ खरा असेल तर एवढी ऊब सोसेल. खोटा असेल तर बिस्किटे आहेतच.

आपली विनम्र आणि अद्याप नाइलाजाने प्रथम लेखिका,
(सही)
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१) तापवण्यापूर्वीचा व नंतरचा आलेख.
२) परिपत्रकाची प्रत.
३) तापवलेली पूड, सीलबंद कुपीत. आपल्या दालनात चहा होत असल्यास कृपया झाकण उघडू नये. तिथेही शोध लागेल.