ब्रुस्केटा, पण कट कुठाय?

१२ सप्टें.
शेवटी आप्पांनी त्यांच्या हॉटेलची संध्याकाळ मला दिली. दसऱ्यापर्यंत. सकाळी त्यांची मिसळ, चारनंतर माझा ब्रुस्केटा. "चाललं तर तुझं. न्हाईतर त्यो चायनीजवाला कवाधरनं मागं लागलाय, त्याला देतो. मग तू सकाळी माझ्यासंगं कट वाढायला." पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये इतकी वर्षं हात भाजून घेतले ते मिसळीवर रस्सा ओतायला नाही.
आईला समजावलं : जाड पाव भाजायचा, लसूण घासायची, वर टोमॅटो, ऑलिव्ह तेल. आई म्हणाली, "म्हंजे पावावर कोशिंबीर."
असो.

१५ सप्टें.
बेकरीवाल्या काकांना तीनदा सांगितलं, गोड नको, वरून कडक, जाड कापा. "जाड कापला तर तोंडात कसा जायचा ताई?" पाठवला तो नेहमीचाच मिसळीचा स्लाइस ब्रेड. गोडच. वर टोमॅटो टाकला आणि झाला लगदा. तोच विकला. लाज वाटली.

१७ सप्टें.
देवा! आप्पा गल्ल्यावरून ओरडले, "ए पोरी, दोन बुरसटं दे गं!" दोन कॉलेजच्या मुली बसल्या होत्या, पर्स उचलून उठल्याच. एक म्हणाली, "काका, ताजं नाही का काही?"
रात्री जेवताना शिकवलं. ब्रु-स्के-टा. "त्येच म्हणतोय की. बुरसटा." बुरशी आलेल्या पावाचं नाव घेऊन कोण खाणार, सांगा!

२० सप्टें.
टोमॅटोवर घालायला बेझिलची पानं मिळेनात. मंडईतली मावशी म्हणते तुळस ने. आणली. आईनं हातातून हिसकावली, "लसणीबरूबर तुळस? अक्कल गहाण टाकलीस काय?" कोथिंबीर घातली. पाव मात्र आज जरा बरा आला.

२३ सप्टें.
नवरात्र बसलं. निम्मं गाव उपासाला, उरलेल्यांना कांदा-लसूण चालत नाही. आणि मी मुदत घेतली ती दसऱ्यापर्यंत! कॅलेंडर भिंतीवरच होतं. आप्पांना माहीत होतं, हसले नुसते. आज एक प्लेट गेली. ती मीच खाल्ली.

२६ सप्टें.
देवीच्या दर्शनाला आलेलं एक कुटुंब बसलं. म्हटलं, चला, उपास नसलेली माणसं तरी भेटली. त्यातल्या काकांनी एक घास खाल्ला. आप्पा लगेच, "कसं हाय पावणं?"
"पाव बरा हाय. कट कुठाय?"
मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी सकाळचा उरलेला कट गरम करून वाटीत आणला. काकांनी माझा ब्रुस्केटा, टोमॅटोसकट, बुडवला लाल रश्श्यात! नाकातोंडातून पाणी गाळत चौघांनी मिळून सहा प्लेटा संपवल्या.
आप्पा : "चाललं की!"
मी : "ते तुमचं चाललं. माझं नाही."
आत जाऊन भांडी आपटली. रडले पण. कोण बघतंय.

२९ सप्टें.
कुठून कळलं कोण जाणे. पोरं बाइकवरनं येतात नि ओरडतात, "ताई, बुरसटा-कट!" टेबलं भरलेली. साधा मागणारा एकही माणूस नाही. मी म्हटलं, कट मिळणार नाही. उठून गेली की सगळी! आप्पांनी त्यांना हाका मारून परत बसवलं. भर गिऱ्हाइकांत भांडलो आम्ही. आई मध्ये पडली, "तुला संध्याकाळ पायजे का नाव पायजे?"
दोन्ही पाहिजे. का नको?

१ ऑक्टो.
उद्या दसरा. दुपारी चायनीजवाला येऊन शेगडी कुठं लावायची ते बघत होता. आप्पा चहा पीत त्याला म्हणाले, "संध्याकाळी माझी पोरगी असती हितं." एवढंच.
तो गेल्यावर पाट्यावर खोबरं काढून बसले आणि विचारलं, "उद्या कट दुप्पट घालू का न्हाई?"
"तुम्हीच ठरवा. नेहमी ठरवताच की."
"सकाळचं मी ठरवतो. संध्याकाळचं तू सांग."
आजवर या हॉटेलात मीठसुद्धा मला विचारून घातलं नव्हतं. आणि विचारलं ते हे! खोबरं तसंच पुढ्यात घेऊन बसलेत. मी आत पाव कापतेय, जाड. दोनदा हाक मारून झाली त्यांची.