कुपीतल्या कोऱ्या चिठ्ठ्या

प्रिय आई,

टुंड्रावरून नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवण गरम मिळतं, अस्वलं लांब आहेत. तुझा गुडघा कसा आहे? बाबा अजून माझं नावही काढत नाहीत का?

कॉलेज सोडून मी गौरांगीच्या मागे इथे आलो, हे तुला ठाऊकच आहे. ओल्या दलदलीत कोणते कोळी आणि कोरड्या माळावर कोणते, यावर तिचा अभ्यास चाललाय. कोळी अल्कोहोलच्या कुपीत घालायचे आणि आत जागेची चिठ्ठी टाकायची, हे माझं काम. "पेन्सिलीनेच लिही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "मी काय पहिलीत आहे?" म्हणत मी रागाने पेन उचललं.

आज बघतो तर शाई अल्कोहोलात विरघळलेली. चाळीस चिठ्ठ्या कोऱ्या! कुठला कोळी कुठला, आता कोणालाच सांगता येणार नाही.

अंदाजाने पुन्हा लिहिल्या तर तिला कळणार नाही, पण तिचा अख्खा अभ्यास खोटा ठरेल. खरं सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही.

टेंटबाहेरून ती विचारतेय, "झाल्या का कुप्या?" चिठ्ठ्या कोऱ्याच घेऊन बाहेर निघालोय. येतो, आई.

तुझाच,
देवेश