मशीनचा ड्रम आणि गेलेलं गिऱ्हाईक

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला आला तो निमेश, तोही बूट न काढता थेट टोपाचं झाकण उघडायला. घाटकोपरहून वेसाव्यापर्यंत येतो तो माझ्या हातच्या सुरमईसाठी, बँडचं नाव नुसतं पुढे करतो. त्याच्या मागून दिपेश. हा त्यांच्या बँडमध्ये गातो. गातो म्हणजे घशात काटा अडकल्यासारखा ओरडतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी धावत जाऊन त्याला कोरड्या भाताचा गोळा गिळायला दिला होता. आता सवय झाली. आता आवडतं पण. मेटल म्हणतात त्याला. आमचा प्रीतम त्यात ड्रम वाजवतो. दोन हात, दोन पाय, चारी वेगळे चालतात. असा नातू अख्ख्या वेसाव्यात नाही. आजी आहे म्हणून नाही म्हणत.

डॉक्टरने बीपीसाठी कमी बोलायला सांगितलंय. म्हणून सुनेला, नमिताला, बँकेतून फुकट मिळालेली डायरी मी घेतली. चौथीपर्यंत शिकले ते आता कामाला येतंय.

तर बातमी अशी. निमेश बोटं चाटत म्हणाला, आजी, अल्बम होतोय, आठ गाणी. मी म्हटलं, नारळ कधी फोडायचा सांग. मग प्रीतमकडे न बघता म्हणाला, ड्रम कॉम्प्युटरवर करतोय. सॅम्पल असतात म्हणे. कुणीतरी कुठेतरी एकेक ठोका मारून ठेवलाय, तो ह्याने बोटाने उचलायचा आणि गाण्यात ओळीने मांडायचा. मी म्हटलं, आणि प्रीतमने काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? तर म्हणाला, आजी, हल्ली बरेच जण असंच करतात, मशीन चुकत नाही, प्रीतम फास्ट जागेवर थोडा मागे पडतो.

प्रीतम ताटातले काटे एका बाजूला करत बसला. मरोळच्या कंपनीतून आला की रोज त्या ड्रमवर बसतो, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वर माझी जुनी लुगडी पांघरून. कंपनीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, अल्बममध्ये मी आहे. आणि हा निमेश सुरमई खाऊन सांगतो, मागे पडतो.

जाताना दोघं काही बोलले नाहीत. मान खाली घालून गेले. बरं लक्षण आहे. आठ दिवसांत मिटवते हे.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्रीतम सकाळी निमेशला फोन लावत होता. मी फोन काढून घेतला. म्हटलं, तुझ्या आजीने बाजारात जन्म काढलाय, शिक जरा. भाव ऐकून गिऱ्हाईक निघालं तर मागून हाक मारायची नाही. आपण आपले खवले काढत बसायचं. जे गुपचूप जातं ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतं. जे हसून सांगतं, येते हां परत, ते काय येत नाही. हे दोघं गुपचूप गेलेत.

तो म्हणाला, आजी, ते गिऱ्हाईक नाहीत, मित्र आहेत.

पोरगा भोळा आहे. आजोबांवर गेलाय.

५ फेब्रुवारी, बुधवार

प्रीतम ऐकतो माझं. निमेशचा फोन उचलत नाही, मेसेज उघडत नाही. नमिता म्हणते, आई, तो ऐकत नाही, तो रुसलाय. दोन्ही एकच.

आज ड्रमवर बसला नाही. मी म्हटलं, हात बसतील. म्हणाला, पाठ दुखते. पाठ आमची दुखायची, पाट्या वाहून. ह्याचं दुखतंय ते वेगळं. मी बोंबील तळले. चारच खाल्ले.

मशीनबद्दल विचार केला. मशीनचा ड्रम म्हणजे बर्फातली कोळंबी. सगळी एका मापाची, वळवून ठेवलेली, चवीला कापूस. माणूस मागे पडतो म्हणे. अरे, मागे पडतो तो दम घेतो. हे निमेशला तोंडावर सांगायचं. डॉक्टरला न सांगता.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपार

बघा. आला ना कोपऱ्यावरून परत.

प्रीतम उचलत नाही म्हणून निमेशने माझ्या फोनवर केला. म्हणाला, आजी, अंधेरीत ओळखीचा स्टुडिओ गुरुवारी दिवसभर रिकामा मिळतोय, तेवढा एकच दिवस. दिपेश आणि मी बोललो, बरं वाटत नाही असं. तीन गाणी प्रीतम खरी वाजवू दे, पाच मशीनवर. त्याला सांगा फक्त, हो असेल तर आजच कळवा.

पाच मिनिटांत शून्याचे तीन झाले. म्हणजे आठ कुठे लांब आहेत? पहिल्या बोलीला हो म्हणणारी कोळीण मी आजवर बघितली नाही. मी थंड आवाजात म्हटलं, बघते हां. त्याला सध्या वेळ नसतो रे. तुमच्या घाटकोपरच्याच दुसऱ्या एका बँडने बोलावलंय त्याला, मोठा बँड आहे, आठच्या आठ गाणी देतायत.

मग म्हणाला, अच्छा. चांगलं आहे की, आजी. मला बोलला नाही तो. आणि फोन ठेवला.

गुपचूप ठेवला. झकास.

प्रीतमला सांगितलं नाही. त्याच्या तोंडावर सगळं दिसतं, सौद्यात असा माणूस जवळ नको. आठ ठरली की एकदमच सांगेन. आज मला भूक चांगली लागली.

१० फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही. ताणतायत. ताणू दे.

बाजारात द्रौपदीकडे गेले होते. तिची जागा माझ्या जुन्या जागेच्या बाजूला. तिला सगळं सांगितलं, कुणाला तरी सांगायला पाहिजेच. ती कोयता खाली न ठेवता म्हणाली, मथुरे, तू कधी हाक मारली नाहीस हे खरं. म्हणून तर तुझे बांगडे संध्याकाळपर्यंत पडून असायचे. आणि मग तू सुकवायचीस.

सुकट मी आवडीने करायची. लोक मागायचे. द्रौपदीला पहिल्यापासून माझ्यावर जळायची सवय आहे. हिला परत काही सांगायचं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार, साडेचार

आज तो स्टुडिओचा दिवस. निमेश दाराकडे बघत बसला असेल. सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेय. एकदा वाजला, तर गॅसवाला.

प्रीतम नेहमीसारखा डबा घेऊन कामावर गेला. अंधेरीवरूनच गेला असेल. स्टुडिओ कुठे आहे ते त्याला माहीत नाही, मलाही नाही. मला उगाच धडधडतंय. बीपी असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्वतः घाटकोपरला जाऊन आले. ही हाक मारणं नव्हे. हे आपलं दुसऱ्या बाजारात सहज फेरी मारणं.

निमेशच्या आईने दार उघडलं. बाई गोड आहे. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी सुक्या जवळ्याची चटणी नेली होती. तिने डबा दोन बोटांत धरून बाहेर चपलांजवळ ठेवला. मी म्हटलं, अहो निमेशसाठी आणलाय, आमच्याकडे तो सुरमईचे दोन तुकडे जास्तच खातो. त्यावर ती निमेशकडे बघत राहिली आणि निमेश पंख्याकडे. घरात मासे चालत नाहीत हे त्याने मला आधी सांगायला नको?

तर त्याने आत नेऊन मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. रागात होता, का ते कळलं नाही. मी दम घेण्याचं, कोळंबीचं, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, आजी, एकच गाणं दोनदा लावतो. एकात मशीन, एकात मागच्या वर्षी रेकॉर्ड केलेला प्रीतम. ओळखा.

दिपेशच्या बोंबलण्यातूनही मी माझा नातू ओळखला. दुसरं सुरू झालं आणि माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, हा. हा माझा प्रीतम. बघ कसा दम घेतो, बघ कसा येतो परत.

ते मशीन होतं.

कानातल्या मशीनची बॅटरी उतरलेली, शिवाय वरती पंखा, आणि त्या बाईने पुढे केलेलं गोड थेपल्यासारखं काहीतरी मी तेव्हाच तोंडात टाकलेलं. चावताना ऐकायला कमी येतं. कुणीही चुकेल. निमेशने मुद्दाम त्याच वेळी लावलं असेल.

मग मी म्हटलं, बरं बाबा, तीन तर तीन. निमेश म्हणाला, आजी, गुरुवार गेला. आठही मशीनवर झाली. तुम्हीच सांगितलंत ना, त्याला दुसरा बँड आहे. आम्ही म्हटलं, त्याचं चांगलं होतंय तर मध्ये कशाला या.

त्याच वेळी खरं सांगता आलं असतं, असं मेट्रोत बसल्यावर वाटलं. पण एकदा सांगितलेला भाव गिऱ्हाईकासमोर मोडायचा नसतो. मोडला की दुसऱ्या दिवशी कोण विश्वास ठेवणार?

डबा तिथेच राहिला, चपलांजवळ.

१ मार्च, शनिवार

अल्बम आला. नमिताच्या फोनवर पण येतो. कंपनीतल्यांनी प्रीतमला विचारलं म्हणे, तू कुठल्या गाण्यात आहेस? तो म्हणाला, कुठल्याच नाही.

घरी येऊन ऐकत बसला. एका कानात इअरफोन, एक कान मोकळा. गुडघ्यावर बोटं चालत होती. मी विचारलं, कसं आहे रे? म्हणाला, मस्त आहे. मी म्हटलं, तुझ्यासारखं नाही ना पण? म्हणाला, आजी, माझ्यापेक्षा साफ आहे. मी अजून खराब वाजवलं असतं. पण वाजवलं असतं.

मग कानातलं काढून म्हणाला, निमेश भेटला होता. विचारत होता, घाटकोपरचा बँड काय म्हणतो. कुठला बँड, आजी?

मी म्हटलं, आधी जेवून घे, गार होतंय.

जेवला. परत वाढून नाही घेतलं. नंतर ड्रमवरची लुगडी काढली, घड्या करून माझ्या पलंगावर ठेवली, आणि ड्रमवर प्लास्टिक घातलं. दोरीने बांधलं. कोळ्याच्या पोराची गाठ, ती काय सहज सुटणार नाही.

माझ्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

२ मार्च, रविवार

निमेश आणि दिपेश आले होते. आज बूट बाहेर काढले. पेढे आणले अल्बमचे. जेवा म्हटलं तर म्हणाले, खाऊन आलोय. निमेश खाऊन आलाय असं मी आजवर ऐकलं नव्हतं.

प्रीतम उरकून टाकल्यासारखा दोघांशी हात मिळवून, छान झालंय म्हणाला आणि चहा आणायला आत गेला. तो आतच राहिला. त्या दोघांनी ड्रमवरच्या प्लास्टिककडे बघितलं. नमिताने सकाळी त्याच्यावर सुकलेले कपडे टाकलेत. मी कितीदा सांगितलं तिला.

निघाले. जिना उतरायला लागले. मी माझी गप्प बसले होते, कांदा चिरत. मग काय झालं कोण जाणे, सुरी हातातच, मी दारात जाऊन हाक मारली. जन्मात पहिल्यांदा. निमेश, ए निमेश, थांब रे जरा.

दोघं थांबले. मी म्हटलं, त्या घाटकोपरच्या बँडचं फिसकटलं रे. लोकच बरोबर नव्हते. आता प्रीतम तसा रिकामा आहे. पुढच्या वेळी तीन काय, एक गाणं असलं तरी चालेल. अर्धं असलं तरी.

दिपेशने निमेशकडे बघितलं. खालच्या मजल्यावरची दार उघडून बघायला लागली. दिपेश हळू म्हणाला, वाईट झालं, आजी. ओरडणारा पोरगा, पण आवाज किती मऊ आहे त्याचा.

निमेश माझ्याकडे बघून हसला. अगदी छान हसला. म्हणाला, हो आजी, बोलू ना आपण. येतो ना परत. रविवारी नक्की येतो.

द्रौपदीला सुरमई सांगून ठेवायला पाहिजे. उद्या सांगते. परवा सांगितली तरी चालेल.

नऊ तारखेचा रविवार. येतो म्हणाले.