भाद्रपदातला फोटो

वरची वाडी, ता. वेल्हे
दि. १४ ऑक्टोबर २०२४

चि. चैत्रालीस आजीचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी पोचलं. फोन करू नको, माझ्या कानात नुसती चक्की फिरते. लिहीत जा. माझं अक्षर प्रौढांच्या वर्गात शिकलेलं हाय, तवा हसायचं न्हाई.

भोरच्या हापिसात जागा इकायच्या कामाला लागलीस, पण माणसांपुढं हुबं ऱ्हायलं की घसा बसतो म्हणतीस. तुझे सुयश सर प्रेझेंटेशन शिकवत्यात. दिवाळीनंतर चाळीस गिऱ्हाइकांपुढं नीट बोललीस तर नोकरी कायम, न्हाई तर डिसेंबरात घरी. आणि सराव कुठं, तर आरशापुढं. आरशानं कदी काय इकत घेतलंय?

एसटी आपल्या फाट्यावर थांबत नव्हती तवा म्या तहसीलदारापुढं कशी बोलले ते इचारतीस. ऐक. हात मागं बांधू नको, चोरी केल्यागत दिसतं. समद्यांकडं बघू नको. जे ऐकतंय असं एकच तोंड धर आणि त्याच्याशीच बोल, बाकीचे आपसूक कान देत्यात. बोलून झालं की गप बस. तुझ्या बापागत शेपूट लावत बसू नको.

पण कुठली जागा इकतीस ते लिहिलं न्हाईस. माल हाताळल्याबिगर तोंड उघडू नये.

लोभ हाय तो ऱ्हाऊ दे, कामाच्या धांदलीत आटू देऊ नको.

तुझी आजी
अंबूबाई


भोर
दि. २४ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझ्या तिन्ही गोष्टी पाठ केल्या. काल सरावात ऑफिसमधल्या शेफालीचं तोंड धरलं आणि तिच्याशीच बोलले. संपल्यावर ती म्हणाली, पगार वाढला असता तर प्लॉट मीच घेतला असता. सुयश सर पहिल्यांदाच हसले. मग म्हणाले, तुझ्या बोलण्यात गावाकडचं काहीतरी आहे, ते पुसू नकोस, ते विकलं जातं.

आता गंमत. जागा कुठली, तर तुझ्याच वाडीच्या वरचा उतार! कंपनीने तो गेल्या वर्षी घेतला. लोकांना डोंगरात घर हवं असतं. सोबत छापील पान पाठवते आहे. फोटोत झरा बघ कसा पडतोय. खाली लिहिलंय, बारमाही झरा. लहानपणी गणपतीच्या सुट्टीत त्याच्यात पाय सोडून बसायचे मी.

ही नोकरी टिकली पाहिजे गं. पप्पांना आता दुकानात उभं राहवत नाही.

तब्येत जप. माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी
चैत्राली


वरची वाडी
दि. ४ नोव्हेंबर २०२४

चि. चैत्रालीस आशीर्वाद. वि. वि.

पान बघितलं. झरा वळखला. फोटो भाद्रपदातला हाय, मागं तेरडा फुललाय.

माझ्या बापाला तुझ्या आजोबाचं घर असंच भाद्रपदात दाखवलं होतं. दारात पाणी खळाळतंय म्हणून त्यानं तिथंच सुपारी फोडली. चैत्रात हंडा घेऊन दरी उतरले, तवा कळलं की माझं लगीन माणसाशी न्हाई, त्या वाटंशी लागलंय. शिमगा सरला की त्या झऱ्यात चिखल बी ऱ्हात न्हाई. खाली पानशेतचं धरण चमकत असतं आणि वर घोटाघोटाला भांडण.

तुला हे ठाव न्हाई, तो दोष आमचा. तू मे म्हयन्यात कदी हितं आली न्हाईस. म्याच भोरला यायची, तुला वाटायचं आजी लाडानं येते. दोन माणसांना पाणी पुरत नव्हतं, त्यात तुला कुठं आणायची?

तो बारमाही शबूद काढ. आणि लोकांना सांग.

लोभ असावा, पण डोळे उघडे ठेवून असावा.

अंबूबाई


भोर
दि. १९ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं. सरांना पाण्याचं सांगितलं. ते म्हणाले, बोअर मारणारच आहोत. कुणी विचारलं तर सांग, आपणहून विषय काढू नकोस. मी बारमाही शब्द काढायला लावला. फोटो तोच राहिला. चाळीस ग्राहकांपुढे बोलताना मी एवढंच म्हणाले की इथे झरा आहे. ते खोटं नाही ना गं?

पुढच्या रांगेत सौदामिनीबाई होत्या, इथल्याच शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहतात. मांडीवर वही घेऊन ऐकत होत्या. मी त्यांचंच तोंड धरलं. घसा एकदाही बसला नाही. बोलून झाल्यावर गप्प राहिले. सगळ्यांत आधी त्यांनीच नाव नोंदवलं.

मला कायम केलं. पप्पांनी आळीत पेढे वाटले, तुलाही पाठवले आहेत.

पाण्याचं कुणीच विचारलं नाही.

रागावली असलीस तरी लिही.

तुझी
चैत्राली


वरची वाडी
दि. ५ मे २०२५

चि. चैत्रालीस,

सहा म्हयने लिहिलं न्हाई. पेढे शेळीला घातले, तिनं बी अर्धे टाकले. आज वाडीतला गोरख टेम्पो घेऊन भोरला निघालाय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते.

काल दुपारी दारात एक बाई हुबी. उन्हानं लाल झालेली, हातात रिकामा कॅन. वर प्लॉटात आंब्याची रोपं लावलीत, ती करपलीत. कंपनीची बोअर कोरडी गेली. झरा हुडकत उतरली आणि माझ्या दारात आली. नाव सौदामिनी म्हणाली, तवा समजलं, हे तू धरलेलं तोंड.

आत बसवलं. घरात दीड हंडा पाणी होतं, त्यातलं कॅनभर दिलं. वाटलं, आता तुमच्या हापिसाच्या नावानं बोटं मोडंल. तर म्हणाली, ती मुलगी इतकं मनापासून बोलली की झरा असणारच, मलाच वाट गावंना. हितं कायमचं ऱ्हायला यायचं म्हणून भोरचं घर इकायला काढलंय. येत्या सोमवारी सही हाय.

तुझं कौतुक म्या खाली मान घालून ऐकलं. तू माझी नात, हे सांगितलं न्हाई. तहसीलदारापुढं न अडखळलेलं तोंड माझं, काल उघडलं न्हाई. झरा न्हाई एवढं सांगायला मला कितीसा येळ लागला असता? पण म्या सांगितलं असतं तर तू सुटली असतीस.

रविवारी ती रोपं बघाया परत येतेय. तू शनिवारच्या एसटीनं ये. न्हाई आलीस तर म्याच सांगीन, तुझ्या नावासकट. नोकरी जाईल का ऱ्हाईल, मला ठाव न्हाई. तुझ्या बापाला म्या सांभाळीन.

झऱ्याच्या कोरड्या दगडावर तिला घेऊन जा. हात मागं बांधू नको. तिच्याच तोंडाकडं बघ आणि बोल. बोलून झालं की गप बस आणि ती काय म्हणते ते समदं ऐकून घे.

येताना पाणी आण. लोभाचं मग बघू.

तुझी आजी
अंबूबाई