तिसऱ्या पायपाची तार

मंगळवार, दिवेलागण. नळदुर्ग

मल्लूच्या गाडीला टर्बो बसवायचाय. इंजिनाचा धूर टर्बोपर्यंत नेणारा मॅनिफोल्ड मी दुकानातच बनवतोय, चार पायपांचा. तिसरा पाइप कुठून न्यावा, काल काही सुचेना. पाइप कापायच्या आधी तार वाकवून त्याची वाट ठरवायची, पण हात चालेना. सरळ तार टेबलावर टाकून कुलूप लावलं.

आज उघडलं तर तार वाकवलेली. टोकाला बारीक कडी. बोटाला टोचू नये म्हणून चाचा अशी कडी वळवायचे. त्यांनीच मला हे काम शिकवलं. पण चाचा तर उन्हाळ्यातच वारले. आणि किल्ली माझ्याच खिशात होती.

तार इंजिनाला लावली, तर मधेच मोकळ्या जागेला वळसा. उगाच कशाला? मल्लूला पहार देऊन इंजिन रेटायला लावलं, रेस दिल्यावर कलतं तसं. तार ब्रेकच्या नळीपासून बोटभर लांबून गेली. सरळ नेला असता तर तापलेला पाइप नळीलाच टेकून ती जळाली असती. तुळजापूरच्या घाटात ब्रेक गेले असते.

"लई डोकं चालवलं की, मास्तर!" मल्लू म्हणाला.

थकव्यात मीच वाकवली असेल का? पण ती कडी मला कधी जमलीच नाही.

चौथा पाइप बाकी आहे. निघताना सरळ तार मुद्दाम टेबलावर ठेवली. चाचांना अंधारात नीट दिसायचं नाही, म्हणून दिवा चालूच ठेवून आलोय.